पास आहे, बस नाही

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत. एक कालनिर्णय, ते दर डिसेंबरात नाशिकहून भाची पाठवते. दुसरं कौन्सिलचं, कुठल्या आठवड्यात कोणता कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायचा ते सांगणारं. संकष्टी चुकली तर इथे कुणाला कळत नाही, आणि चंद्रोदयाची छापील वेळ तशीही मुंबईची. डबा चुकला तर मात्र अख्ख्या गल्लीला कळतं. शेजारीण सकाळी सातला ड्रेसिंग गाऊनवर येऊन दार वाजवते, "आज हिरवा, तपकिरी नाही," म्हणते आणि हवेबद्दल दोन वाक्यं बोलून परत जाते.

गाव इंग्लंडमधलं, दक्षिण श्रॉपशरमधलं, लडलो या जुन्या बाजारगावापासून काही मैल आत. नाव सांगत नाही, कारण इथे दीडशे घरं आहेत आणि प्रत्येकाच्या हातात फोन आहे. आम्ही दोघं १९७४ साली या देशात आलो. हे भूलतज्ज्ञ, मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. नोकरीची सगळी वर्षं डडली, वुल्व्हरहॅम्प्टन या पट्ट्यात गेली. तिथे कोपऱ्यावर मेथी मिळायची, गणपतीला दहा घरं गोळा व्हायची. निवृत्त झाल्यावर ह्यांनी डोंगर दिसणाऱ्या घराचा हट्ट धरला. डोंगर म्हणजे टिटरस्टोन क्ली, उंची ५३३ मीटर, माथ्यावर रडारचे पांढरे घुमट आणि बंद पडलेल्या दगडाच्या खाणी. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी पाहत वाढलेल्या माणसाने याला डोंगर म्हणावं याची मला गंमत वाटली होती. आता सकाळी पडदा उघडला की मीही आधी तिकडेच बघते, घुमट दिसले तर कपडे बाहेर वाळत घालायचे, नाही दिसले तर नाही.

चॉकलेटच्या डब्यावर असतात तशी गवती छपराची घरंही गावात आहेत. ती बहुतेक लंडनवाल्यांनी शनिवार-रविवारसाठी घेतलेली. गुडघे दुखणारी माणसं १९६०च्या दशकातले बैठे बंगले शोधतात, जिना नसलेले, फाटकापासून दारापर्यंत सपाट रस्ता असलेले. आमचं घर त्यातलंच. दिसायला अगदी सामान्य, आणि विकायला निघालं की गवती छपरांच्या आधी विकलं जाणारं.

गावात गॅसची पाइपलाइन नाही. मागच्या अंगणात तेलाची हिरवी टाकी आहे, पुढच्या हिरवळीखाली सेप्टिक टँक. घर तापवायचं तेल म्हणजे आपलं रॉकेलच. लहानपणी कॅन घेऊन रॉकेलच्या रांगेत उभी राहणारी मी, म्हातारपणी रॉकेलवरच पाय शेकते. एकट्याने तेल मागवलं तर महाग पडतं, म्हणून गावाचा तेल-क्लब आहे. निवृत्त बँक मॅनेजर सगळ्यांच्या मागण्या गोळा करतो, तीन-चार ठिकाणी भाव विचारतो आणि टँकर एकदाच बोलावतो. हे काम तो ज्या गांभीर्याने करतो ते पाहून वाटतं, बँकेतही त्याला इतकं समाधान मिळालं नसेल.

पैशाचं सांगायचं तर, सरकारी पेन्शन दर चार आठवड्यांनी येतं. २०२५-२६ साली नव्या पद्धतीचं पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होतं. एप्रिल २०१६च्या आधीच पेन्शनच्या वयाला पोचलेल्या आमच्यासारख्यांचा मूळ दर १७६.४५ होता. महागाई, पगारवाढ आणि अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल तितकी वाढ दर एप्रिलमध्ये होते. ह्यांचं हॉस्पिटलच्या नोकरीचं पेन्शन वेगळं, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. सगळ्यांचं तसं नाही. २०२४च्या जुलैत सरकारने पेन्शनरांना मिळणारे हिवाळ्याच्या इंधनाचे पैसे फक्त अगदी कमी उत्पन्नवाल्यांपुरते ठेवले, तेव्हा पबमध्ये जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी सरकारने माघार घेतली. आता वर्षाचं उत्पन्न ३५,००० पौंडांपर्यंत असलेल्यांना पैसे राहतात, वरच्यांकडून करातून परत घेतले जातात. त्यामुळे एकाच घरात, एकाच रेडिएटरजवळ बसलेल्या आम्हा दोघांपैकी माझे पैसे राहतात आणि ह्यांचे जातात. यावर ह्यांचं म्हणणं असं, की मग रेडिएटरकडची खुर्ची तू घे.

साठीनंतर औषधं फुकट, डोळे तपासणं फुकट. पेन्शनच्या वयाला बसचा पास मिळतो. एप्रिल २००८पासून तो इंग्लंडभर कुठल्याही स्थानिक बसला चालतो, कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. कॉर्नवॉलच्या टोकापासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत बसा, कोणी एक पेनी मागणार नाही. माझा पास पर्समध्ये नेहमी असतो. आमच्या गावातून मात्र बस मंगळवारी एक जाते आणि दुपारी एक परत येते. बाकीचे सहा दिवस पासावरचा माझा फोटो तेवढा हसत असतो.

इथे येण्याआधी मला वाटायचं, खेड्यात निवृत्त होणं म्हणजे बागेत खुर्ची टाकून बसणं. येऊन महिना झाला नाही तोच दारावर एक बाई आली, हातात केक आणि काखेत वही. केक आमच्यासाठी होता. वहीत रोटा होता, म्हणजे कोणी कधी कोणतं काम करायचं त्याच्या पाळ्या. चर्चमधली फुलं, गावच्या दुकानातली गुरुवारची दुपार, हॉलच्या किल्ल्या, हॉस्पिटलात लोकांना नेण्या-आणण्याचं काम. "तुम्ही काय काय करू शकाल?" असं तिने विचारलं. काही करणार का, असं नाही. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की हे गाव म्हातारी माणसं चालवतात.

खरोखरच चालवतात. शेवटचा दुकानदार थकून गेला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून दुकान घेतलं, आता काउंटरवर सगळे सत्तरीचे. पॅरिश कौन्सिल, म्हणजे १८९४च्या कायद्याने आलेली इथल्या स्थानिक कारभाराची सर्वांत खालची पायरी, तिचे सदस्य जवळजवळ सगळे पेन्शनर. रस्त्यातले खड्डे, कुत्र्यांची घाण, कोणाचं कुंपण फूटपाथवर आलं आहे, हे विषय तिथे इतक्या सभ्य शब्दांत चालतात की भांडण झालं हे घरी गेल्यावर कळतं. लाल टेलिफोनची खोकी टेलिफोन कंपनी एका पौंडाला गावांना देते. आमचं खोकं १९३५च्या डिझाइनचं, सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचं. तेच लिव्हरपूलच्या कॅथीड्रलचे वास्तुकार. आता त्यात फोन नाही. एका बाजूला वाचून झालेली पुस्तकं, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र. हे यंत्र कसं वापरायचं ते ह्यांनी गावाच्या हॉलमध्ये सगळ्यांना शिकवलं. शिकणाऱ्यांत सर्वांत धाकटी बाई त्रेसष्ट वर्षांची होती.

पुन्हा ते स्पीडवॉचचं प्रकरण आहेच. पिवळी जाकिटं घातलेले तीन पेन्शनर रस्त्याच्या कडेला उभे राहतात. एकाच्या हातात वेग मोजायचं यंत्र, दुसरा नंबर ओरडतो, तिसरा लिहून घेतो. पोलिसांनी त्यांना शिकवलेलं असतं. यादी पोलिसांकडे जाते, पोलीस गाडीवाल्याला पत्र पाठवतात. दंड नाही, नुसतं पत्र. पकडलेल्यांत निम्मे गावातलेच असतात, आणि संध्याकाळी पबमध्ये ते याच तिघांच्या शेजारी बसतात. हे लिहून घेणारे. त्यामुळे गावातल्या प्रत्येक गाडीचा नंबर ह्यांना तोंडपाठ आहे. माझा मोबाइल नंबर अजून नाही.

पण ह्यांचं खरं वेड चर्चच्या मनोऱ्यात आहे. मनोऱ्यात सहा घंटा आहेत आणि माणसं पाचच उरली होती. घंटावादकांच्या म्होरक्याला इथे टॉवर कॅप्टन म्हणतात. आमचे कॅप्टन निवृत्त गणित शिक्षक. ते आमच्याकडे आले, देव मानता का हे विचारलं नाही, खांदा दुखतो का हे विचारलं. ह्यांनी नाही सांगितलं. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, आता खांदा दुखतो, पण ते कॅप्टनना कळवलेलं नाही.

इंग्लंडमधली ही घंटा आपल्यासारखी नुसता लोलक हलवून वाजत नाही. ती एका मोठ्या चाकाला जखडलेली असते. आधी झोके देत देत तिला तोंड वर करून उभी करतात. मग दोर ओढला की शेकडो किलोचं ते धूड पुरतं गोल फिरतं, टोल पडतो, आणि घंटा पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला उलटं. एका फेरीला दोनेक सेकंद लागणारच, म्हणून त्यावर गाणं-बिणं वाजवता येत नाही. बदलता येतो तो फक्त क्रम. आधी वरच्या सुराकडून खालच्या सुराकडे एक, दोन, तीन असं सहापर्यंत यायचं. मग प्रत्येक फेरीला क्रम मोडायचा, पण कुठल्याही घंटेने एका वेळी एकाहून जास्त जागा सरकायचं नाही आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजवायचा नाही. सहा घंटांचे असे ७२० क्रम होतात, अर्ध्या तासाच्या आत संपतात. आठ घंटांचे ४०,३२०. ते सगळेच्या सगळे १९६३ साली लफबरोला आठ जणांनी वाजवले. जवळजवळ अठरा तास, मध्ये माणूस न बदलता. कागद समोर ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. ही विद्या सतराव्या शतकापासून इथे चालत आली आहे आणि तिच्यात भक्तीपेक्षा अंकगणित जास्त आहे असं माझं मत आहे. चर्चच्या धर्मगुरू व्हिकरबाईंना ते मान्य नाही.

ह्यांना हे का आवडलं ते मला लगेच कळलं. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात डोक्याशी बसून, दुसरे काय करताहेत त्यावर नजर ठेवून, मनात आकडे मोजत राहायची सवय. इथेही तेच. फक्त पेशंट नाही, आणि चुकलं तर सगळे हसतात. मंगळवारी संध्याकाळी सराव असतो, त्यानंतर पब. दिवाळीत एकदा सगळ्यांना घरी बोलावलं होतं. चकली बघून कॅप्टननी आधी तिचे वेढे मोजले.

मी नाशिकची. गोदेकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा लहानपणापासून बघितलेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चांमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नारोशंकराची त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला आमच्याकडे नारोशंकराची घंटा म्हणतात, मलाही म्हणत. चर्चची घंटा देवळात गेली त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेल्यावर आमच्या घरचा माणूस चर्चच्या दोराला लटकला, एवढ्यावर हिशेब मिटला असं मी मानते. ह्यांनी ही हकिगत मनोऱ्यात सांगितली तेव्हा कोणी इतिहासात शिरलं नाही. सगळ्यांनी एकदम विचारलं, "वजन किती तिचं?"

ऑगस्टअखेर गावाचं प्रदर्शन असतं. हॉलमध्ये पांढऱ्या कागदावर भाज्या मांडतात. सारख्या लांबीच्या सरळ रनर बीन्स, गोल कांदे, बाळाएवढे भोपळे. खाण्याच्या पदार्थांचे नियम सरकारी निविदेपेक्षा कडक. व्हिक्टोरिया स्पंज केकच्या दोन थरांत फक्त रासबेरी जॅम, वर फक्त बारीक साखर, क्रीम दिसलं की बाद. केक जाळीवर थंड केल्याचे वण वरच्या बाजूला उमटले तर गुण कापतात. मी चटणी-लोणच्याच्या वर्गात लिंबाचं गोड लोणचं ठेवलं. परीक्षकबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, "धाडसी चव. बरणी काठापर्यंत भरलेली नाही." चवीबद्दल मी काही करणार नव्हते. पुढच्या खेपेला बरणी काठापर्यंत भरली आणि ब्रॅम्लीचं लोणचं केलं. ब्रॅम्ली म्हणजे इथलं आंबट, शिजवून खायचं सफरचंद. त्याचं मूळ झाड १८०९च्या सुमारास नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बी लावून वाढवलं. कडक असताना त्याच्या फोडी करून मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट घातलं की डोळे मिटून कैरी म्हणता येते. उघडे ठेवून म्हणायला जरा कठीण. तिसरा नंबर मिळाला. लोणच्याला मोहरीची डाळ आणायला अजून वुल्व्हरहॅम्प्टनलाच जावं लागतं, तासभर गाडी चालवून.

गाडी. इथल्या म्हातारपणाबद्दल लिहायचं म्हणजे खरं तर गाडीबद्दलच लिहायला हवं. नाशिकहून बहीण दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारते, "तुम्ही मुलांकडे का नाही जाऊन राहत?" मुलगी लीड्सला आहे, मुलगा कॅनडात. येतात, जातात, फोन करतात, मनाने चांगले आहेत. पण इथे कोणाचंच म्हातारपण मुलांच्या आधाराने उभं नसतं, गाडीच्या किल्लीच्या आधाराने असतं. दुकानात गावची पेन्शनर मंडळी आहेत, पण दवाखाना, बँक, दातांचा डॉक्टर, मोठा बाजार, सगळं लडलोला. मोठं हॉस्पिटल एक तर हेरेफर्डला नाही तर श्रूजबरीला. आणि बहिणीला मी सांगत नाही, पण तीसुद्धा मुलाच्या आधाराने राहत नाहीच. तिचा मुलगा पुण्यात. ती कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये राहते, खाली औषधांचं दुकान, दाराशी रिक्षा, वाणी फोनवर सामान पाठवतो, कामाला बाई आणि स्वयंपाकाला दुसरी. तिने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही आणि तिचं काही अडत नाही. तिचं म्हातारपण पैसे देऊन आणलेल्या हातांवर चालतं, आमचं स्वतःच्याच हातांवर. दोन्हींतलं कुठलं बरं हे हिवाळ्यात विचारलं तर मी वेगळं उत्तर देईन.

सत्तर वर्षं पूर्ण झाली की इथलं लायसन्स संपतं. मग दर तीन वर्षांनी फॉर्म भरून ते वाढवून घ्यायचं. परीक्षा नाही, डॉक्टरची सही नाही, मी ठीक आहे असं आपणच लिहून द्यायचं. डोळ्यांचा नियम एवढाच की उजेडात वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. हा विश्वास फार सुंदर आहे आणि मला त्याची भीती वाटते.

आमच्या उजव्या हाताला राहणारं जोडपं आमच्याहून दहा वर्षांनी मोठं. आजोबा शेतीची यंत्रं दुरुस्त करायचे, आजी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा-आजीच म्हणते, समोर नावाने हाक मारते, कारण इथे तशी रीत आहे आणि ती अजून माझ्या जिभेला जड जाते. आजोबा चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायचे, पायवाटांवरची मोडकी फाटकं नीट करायचे. आजींकडे जूनमधल्या खुल्या बागांचं काम. त्या दिवशी गावातली बागवाली घरं फाटकं उघडतात, लोक पैसे देऊन बागा बघतात, हॉलमध्ये चहा-केक. ही प्रथा देशभर १९२७ साली सुरू झाली, माणशी एक शिलिंग, ६०९ बागा, आणि पैसा घरोघरी जाऊन रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी. आजींच्या हाताखाली मी चहाच्या किटलीवर असायचे. दुधाचं भांडं डावीकडे की उजवीकडे यावर त्यांचं ठाम मत होतं.

मग आजोबांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. मधलं दिसेनासं होतं, कडेचं दिसतं. त्यांनी स्वतःच किल्ली टेबलावर ठेवली. आजींना गाडी येत होती, पण गेल्या कित्येक वर्षांत त्या लडलोपलीकडे गेल्या नव्हत्या, आणि अंधारात कधीच नाही. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधारू लागतं. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला हेरेफर्डला जायचं ते रोट्यातून, आळीपाळीने. मैलामागे ४५ पेन्स असे पेट्रोलचे पैसे नेणाऱ्याला देतात. ते बहुतेक जण घेत नाहीत, आणि न घेतल्याने आजी संकोचतात म्हणून आम्ही घ्यायला लागलो. आजोबा वाटेत प्रत्येक शेतात कोणता ट्रॅक्टर उभा आहे ते आवाजावरून सांगायचे.

उपकार घेणं हे या लोकांना जमत नाही. द्यायला सांगा, रात्री दोनला उठून येतील. घ्यायला सांगितलं की आजारी पडतात. कोणी कुरकुर केली नव्हती तरी त्यांनी घर विकायला काढलं आणि लडलोला स्टेशनाजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत छोटा फ्लॅट घेतला. निघण्याआधी आजोबांनी घड्याळाला किल्ली कशी द्यायची ते ह्यांना तीनदा दाखवलं. आजींनी मला चहाची वही दिली, त्यात कुणाला दूध चालत नाही, कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही, सगळं. आम्ही जातो भेटायला. त्यांना तिथे सुख आहे. दाराशी बस आहे, पासचा उपयोग होतो. पण आजी हळूच म्हणाल्या, इथे कुणी काही करायला सांगत नाही.

त्यांच्या घरात लंडनजवळच्या सरी परगण्यातून एक जोडपं आलं. सहासष्ट वर्षांची ताजी पेन्शनर माणसं, पायात नवे बूट. सामानाचा ट्रक गेला नाही तोच रोटावाली बाई केक घेऊन पोचली होती. आमच्या गावात जन्मून म्हातारे होणारे थोडे, म्हातारे होऊन येणारे जास्त. घरांची नावंच बघावी: जुनं पोस्ट ऑफिस, जुनी शाळा, जुनी लोहारशाळा. सगळ्यांत आता माणसं राहतात. तिशीतल्या जोडप्याला इथलं घर परवडत नाही, परवडलं तरी मुलाला शाळेत न्यायला पुन्हा गाडीच. हे बोललं की लोक मान डोलवतात, आणि पॅरिश कौन्सिलात नव्या घरांचा अर्ज आला की तेच लोक विरोधाचं पत्र लिहितात. त्यांतली दोन पत्रं हॉलच्या प्रिंटरवर मीच छापून दिली आहेत.

आमचंही आता हळूहळू तेच चाललं आहे. ह्यांना रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो, माझा डावा गुडघा क्लचवर रुसतो. मध्यंतरी आम्ही एकमेकांच्या नावाने मुखत्यारपत्रं करून ठेवली, एक पैशाअडक्याचं, एक तब्येतीचं. तुम्ही शुद्धीत आहात आणि कुणाच्या दबावाखाली नाही, असं लिहून द्यायला दोन वर्षं तरी ओळखणारा माणूस लागतो. कॅप्टन आले. त्यांनी आम्हाला वेगवेगळ्या खोलीत बसवून प्रश्न विचारले, मग दोघांनी सारखीच उत्तरं दिली म्हणून समाधानाने सही केली. मंगळवारच्या सरावाला हे कॅप्टनच्या गाडीत जातात. वुल्व्हरहॅम्प्टनची फेरी सकाळी, उजेडात, आणि नकाशा मी सांगायचा. रस्ते पाठ आहेत तरी सांगायचा, म्हणजे दोघंही जागे राहतो.

गेल्या आठवड्यात ह्यांचा लायसन्सचा फॉर्म आला. मी म्हटलं, "अहो, सही करण्याआधी नंबरप्लेट वाचून दाखवा." वीस मीटर अंतर पावलांनी मोजून ह्यांना फाटकाशी उभं केलं. कॅप्टनची गाडी: फाडफाड वाचली. व्हिकरबाईंची: तीही. सरीवाल्यांची नवी गाडी पूर्ण थांबायच्या आतच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्पीडवॉचवाल्या माणसाची परीक्षा या गावातल्या गाड्यांवर घेण्यात काही अर्थ नाही. परकी गाडी हवी. आमच्या गल्लीत परकी गाडी येत नाही. कोटाच्या खिशात हात घालून आम्ही दोघं फाटकाशी उभे. येणारे-जाणारे काय झालं विचारत होते आणि हवेबद्दल बोलून जात होते.

शेवटी पार्सलवाल्याची व्हॅन आली. ह्यांनी डोळे बारीक केले आणि सगळी अक्षरं, सगळे आकडे नीट वाचले. पार्सलवाल्याने खात्री करून दिली. मग हे म्हणाले, "आता तू." मला सहा की आठ ते कळेना.

दोघांचे डोळे तपासायची वेळ घेतली आहे, लडलोला, मंगळवारी साडेदहाची. त्या दिवशी बस असते.